‘तू फक्त पेशंट आणून सोड’: इमर्जन्सीच्या दारातली कुरबुर आणि पुढचा कोर्स

प्रश्न: माझा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स संपत आलाय. सध्या अ‍ॅम्ब्युलन्सवर प्रशिक्षणाची ड्युटी आहे. पेशंट घेऊन गेलं की इमर्जन्सीतल्या सिस्टर अर्धं बोलणंही ऐकून घेत नाहीत. मी लावलेली कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी) माझ्यादेखत काढून त्यांनी दुसरी लावली आणि म्हणाल्या, ‘तू फक्त पेशंट आणून सोड.’ त्यापेक्षा नर्सिंगच करावं असं वाटू लागलंय. पण माझी मावसबहीण डिप्लोमा नर्स आहे. ती म्हणते, पदवीवाल्या आम्हाला मोजत नाहीत. मग मी कुठे जाऊ?

उत्तर: आधी कॅन्युलाचं बघू, कारण तुझा राग तिथेच अडकलाय. रस्त्यावर किंवा हलत्या गाडीत कॅन्युला लावताना त्वचा नीट पुसणं आणि जंतुनाशक औषध वाळू देणं दरवेळी जमत नाही. अशी घाईत लावलेली कॅन्युला लवकरात लवकर, ४८ तासांच्या आत बदलावी, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची मार्गदर्शक सूचना सांगते. कोपराच्या खळगीत लावलेली असेल तर हात वाकला की सलाईन अडतं, हेही एक कारण. थोडक्यात, ती काढली म्हणजे तुझं काम वाईट होतं असं नाही. मात्र पेशंट शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोसळलेलं) असताना चालू कॅन्युला आधी काढून मग दुसरी शीर शोधत बसणं ही चूकच. दुसरी लागली की मगच पहिली काढायची. यापुढे चिकटपट्टीवर तारीख, वेळ आणि ‘गाडीत लावली’ एवढं लिही. तोंडी नळीचा आकार, हात, वेळ आणि ती मोकळी आहे का ते सांग: ‘२० नंबर, डावा हात, ९:४० ला, फ्लश होतेय.’ एवढं सांगितलं की समोरच्याला ठरवता येतं.

आता ऐकून न घेण्याबद्दल. तू बोलतेस तेव्हा सिस्टर काय करत असतात? बहुतेक वेळा पेशंट ट्रॉलीवर घेणं, मॉनिटरच्या वायरी लावणं, नातेवाइकांना मागे सारणं, सगळं एकदम चाललेलं असतं. त्या गडबडीत कोणाच्याच कानात काही शिरत नाही. म्हणून पेशंट हलवायच्या आधी हँडओव्हरसाठी, म्हणजे पेशंटची माहिती सोपवायला, एक मिनिट मागून घे: ‘सिस्टर, हलवण्याआधी हँडओव्हर देते.’ सीपीआर चालू असेल, श्वास अडला असेल किंवा रक्त वाहत असेल तर मात्र आधी ते.

अपघाताच्या पेशंटसाठी क्रम ठरलेला ठेव: वय, वेळ, कसं झालं, काय लागलं, आकडे, काय केलं. उदाहरणार्थ: ‘पुरुष, अंदाजे ४५. ९:२० ला दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हतं. उजव्या मांडीला सूज, पाय आखूड दिसतोय. पल्स १२४, दहा मिनिटांपूर्वी १०८ होती. बीपी ९६/६०, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९७. जीसीएस १४, बोलणं गोंधळलेलं. मानेला कॉलर, मांडीला स्प्लिंट, सलाईन चालू.’ (जीसीएस म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे याचे १५ पैकी गुण.) मोजून बघ, अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं. यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ‘दहा मिनिटांपूर्वी १०८ होती’ हे आहे. बाकीचे आकडे मॉनिटर सांगेलच, पण पेशंट घसरत चाललाय हे फक्त तुला माहीत असतं. पक्षाघाताच्या पेशंटला ‘कधी सापडला’ यापेक्षा ‘शेवटचा ठीक कधी दिसला’ ती वेळ विचारून घे. गुठळी विरघळवण्याच्या औषधाचे साडेचार तास साधारणपणे तिथून मोजतात. ही वेळ घेऊन आलेल्या मुलीला कोणी ‘फक्त सोड’ म्हणत नाही. निदान दुसऱ्यांदा तरी नाही.

यामागे एक खरी अडचणही आहे: कौशल्य तेच, परवानगी वेगळी. गाडीत ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार तुला जे करता येतं, ते पेशंट दवाखान्याच्या ताब्यात गेल्यावर करता येत नाही. उलट बऱ्याच ठिकाणी अ‍ॅम्ब्युलन्सवरचा पॅरामेडिक स्थायी आदेशावर (आधीच लिहून दिलेल्या परवानगीवर) जे औषध देतो, त्यासाठी वॉर्डातल्या नर्सला डॉक्टरांच्या ऑर्डरची वाट बघावी लागते. त्यामुळे दोन्ही बाजूंना वाटतं की दुसऱ्याला जास्त मोकळीक आहे. तुमची गाडी पुढच्या कॉलला निघून जाते, पेशंट त्यांच्याकडे पूर्ण पाळी राहतो. हे लक्षात ठेवलं तर त्यांचा तुटक स्वर समजतो. अपमान मात्र समजून घेत बसू नकोस. तो पुन्हा पुन्हा होत असेल तर तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून आपल्या सुपरवायझरकडे दे. ग्रुपवर टाकू नकोस.

मावसबहिणीचं दुखणं वेगळं. डिप्लोमावाली आणि पदवीवाली एकाच वॉर्डात तीच इंजेक्शनं देतात, पण बढतीची वाट वेगळी असते. जिला कामाला लावलं, शिकवलं, तीच काही वर्षांनी इन्चार्ज होऊन आली तर कोणालाही टोचेल. त्यात सहायक आल्या की काम सोपवण्याची भांडणं सुरू होतात, आणि ती बहुतेक अर्धवट सूचनेतून होतात. ‘जरा बीपी बघ’ म्हटलं, सहायकेने वरचं बीपी ८४, म्हणजे फारच कमी, नोंदवून तक्ता जागेवर ठेवला, सिस्टरने तासाभराने पाहिला. दोघींना वाटतं चूक दुसरीची. मोजण्याचं काम सोपवता येतं, त्या आकड्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी सोपवता येत नाही. तू कुठल्याही पायरीवर असलीस तरी काम घेताना विचार: ‘किती खाली गेलं तर सांगू, आणि कोणाला?’

वरिष्ठ चुकतायत असं वाटलं तर औषध हातात घेण्याआधी डोस मोठ्याने म्हणून दाखव. अ‍ॅलर्जीच्या झटक्यात मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत देतात, हृदय बंद पडल्यावर १ मिलिग्रॅम शिरेतून. घाईत या दोन्हींची गल्लत जीवघेणी ठरते. ‘०.५, मांडीत, बरोबर?’ एवढं विचारल्याने कोणाचा मान जात नाही. तरीही ऐकलं नाही तर स्पष्ट म्हण, ‘पेशंटला धोका आहे, थांबूया.’

मग कोर्स? अपमानाला कंटाळून नर्सिंगकडे वळू नकोस, तिथे पायऱ्या जास्त आहेत, कमी नाहीत. वळायचंच तर कामासाठी वळ. तुला पहिला अर्धा तास आवडतो की पुढचे आठ तास? नर्सिंगमधून आयसीयू, ऑपरेशन थिएटर, समाज आरोग्य, अध्यापन अशा वाटा फुटतात. अ‍ॅम्ब्युलन्सवर पुढच्या जागा बऱ्याच ठिकाणी मोजक्याच असतात, आणि उचलण्याचं काम कमरेवर येतं. नर्सिंगला जायचं ठरलं आणि घरची परिस्थिती साथ देत असेल तर थेट पदवी घे. डिप्लोमाच शक्य असेल तर नंतर पदवी करून घेणारा मान्यताप्राप्त कोर्स आहे का, तो किती वर्षांचा आणि प्रवेशाला अनुभव लागतो का, हे आधी विचार. कुठल्याही संस्थेत पहिला प्रश्न एकच: हा कोर्स केल्यावर नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? आणि तुझ्या आत्ताच्या प्रमाणपत्राने एखादं वर्ष वाचेल हे धरून चालू नकोस.

फॉर्म भरण्याआधी इमर्जन्सीच्या इन्चार्जकडून दोन पूर्ण शिफ्ट निरीक्षणाला मागून घे, त्यातली एक रात्रीची. अ‍ॅम्ब्युलन्स आली की सिस्टरच्या बाजूला उभी राहा आणि आणणारा बोलतोय त्यातलं तुला स्वतःला किती ऐकू येतं ते बघ.