बास पातळ वाटतोय? आधी वायरी बघा

प्रश्न: माझ्या रेकॉर्ड प्लेअरला एसएमई 3009 चा जुना आर्म (सुई धरणारा दांडा) आहे, सिरीज टू इम्प्रूव्हड, फिक्स हेडशेलवाला, म्हणजे कार्ट्रिज बसवायचं टोक न निघणारा. त्यावर नुकतीच डेनॉन डीएल-103 कार्ट्रिज (सुई असलेली डबी) लावली तर तबल्याचा डग्गा एकदम पातळ वाजतोय. सीडीला त्याच अँपवर, त्याच स्पीकरवर बास दणदणीत येतो. मित्र म्हणतो आर्म आणि कार्ट्रिजचं मॅचिंग चुकलंय, आर्म बदल. बदलू का?

उत्तर: थांबा हो, एवढ्यात पाकीट काढू नका. मित्राचं अर्धं बरोबर आहे. डीएल-103 ही 1960 च्या दशकात जपानच्या एनएचके रेडिओसाठी बनवलेली कार्ट्रिज, तिचं सस्पेन्शन (सुईचा लवचिक आधार) ताठ, तिला वजनदार आर्म लागतो, आणि तुमच्या आर्मचा इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं आर्मचं वजन) जेमतेम 6.5 ग्रॅम. त्यात कार्ट्रिजचे 8.5 आणि स्क्रूंचा एखादा ग्रॅम धरला की झाले 16. डेनॉन कम्प्लायन्स (सुईच्या आधाराची लवचिकता) 5 सांगते पण तो 100 हर्ट्झचा आकडा आहे, 10 हर्ट्झला साधारण दीड ते दुप्पट होतो म्हणून साडेआठ धरू. 16 गुणिले साडेआठ, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि 159 ला त्याने भागायचं, रेझोनन्स (आर्म आणि कार्ट्रिज मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला आपसूक थरथरतात ती) येतो साडेतेरा हर्ट्झच्या जरा वर. तो असायला हवा 8 ते 12 हर्ट्झमध्ये. म्हणजे वर सरकलाय, पण त्याने बास गढूळ होईल, फुगेल, पातळ कशाला होईल?

पातळ बास आणि सीडी ठणठणीत, म्हणजे माझा पहिला संशय कार्ट्रिजच्या मागच्या चार वायरींवर. पांढरी लेफ्ट प्लस, निळी लेफ्ट मायनस, लाल राइट प्लस, हिरवी राइट मायनस. यातली एक जोडी उलटी लागली की दोन्ही स्पीकर एकमेकांचा बास खातात आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. अँप बंद करून चिमट्याने त्या जोडीच्या दोन वायरींची हळूच अदलाबदल करा, वायरींच्या टोकाचे टॅग (छोट्या क्लिपा) ओढू नका, तुटतात. आणि मल्टीमीटर लावून कार्ट्रिजच्या आतल्या कॉइल तपासायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

वायरी बरोबर निघाल्या किंवा बदलल्यावर बास गढूळ वाटला तर कार्ट्रिज आणि हेडशेलच्या मध्ये 5 ग्रॅमची पितळी पट्टी घाला, रेझोनन्स बारापर्यंत उतरतो. पट्टी जेवढी जाड तेवढा आर्मचा खांब वर घ्यायचा, आणि काउंटरवेट मागे सरकवून अडीच ग्रॅम ट्रॅकिंग फोर्स (सुईचा रेकॉर्डवरचा दाब) मिळतोय ना ते बघायचं. नाही मिळाला तर मग आर्मचं बोलू.