जॅंगोचा फॉर्म हव्या त्या मांडणीत दाखवायचा असेल, तर प्रत्येक इनपुट हाताने लिहावे का?

तुम्ही सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेसाठी सभासद-नोंदणीचा फॉर्म जॅंगोमध्ये (पायथॉन भाषेत वेबसाइट बनवण्याच्या साधनसंचात) तयार करत आहात. टेम्पलेटमध्ये (पानाच्या एचटीएमएल साच्यात) 'फॉर्म डॉट ॲज-पी' लिहिले की सगळे रकाने एकाखाली एक येतात. चालकांना मात्र छापील अर्जासारखी रचना हवी आहे, म्हणजे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एका ओळीत, त्याखाली पत्ता व पिनकोड, आणि शेवटी बॅचची निवड. त्यासाठी जॅंगोचा फॉर्म बाजूला ठेवून सगळे इनपुट टॅग स्वतः लिहावेत का, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यातल्या लहान संस्थांसाठी अशाच नोंदणीच्या प्रणाली करतो, आणि माझे मत स्पष्ट आहे: मांडणी अवश्य स्वतः लिहावी, इनपुट मात्र जॅंगोकडूनच घ्यावेत.

हाताने लिहिलेला फॉर्म पहिल्यांदा उघडतो तेव्हा निर्दोष दिसतो. अडचण येते ती बार्शीहून आलेल्या एखाद्या मुलाने मोबाईल नंबरचा एक आकडा कमी टाकून बटण दाबल्यावर. त्या वेळी जॅंगो तोच फॉर्म भरलेल्या माहितीसह आणि चुकांच्या संदेशांसह परत पाठवतो. पण ही माहिती फॉर्मच्या फील्डमध्ये, म्हणजे जॅंगोला माहीत असलेल्या रकान्यात, असते, आणि तुमच्या हाताने लिहिलेल्या इनपुटचा त्या फील्डशी काहीही संबंध नसतो. परिणामी सगळे रकाने कोरे होतात, काय चुकले ते कुठेच दिसत नाही, आणि फोनवर मराठीत टाइप केलेला पूर्ण पत्ता त्याला पुन्हा लिहावा लागतो. याशिवाय लेबल आणि इनपुट यांना जोडणारा आयडी, अक्षरमर्यादा, 'रिक्वायर्ड' ही खूण, आणि आवृत्ती 5.0 पासून मदतीचा मजकूर स्क्रीन रीडरला कळवणारे 'एरिया-डिस्क्राइब्डबाय' हे सारे जॅंगो आपणहून लिहितो. ते फुकट मिळत असताना सोडून देऊ नये.

डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या 5.0 या आवृत्तीत तुमच्या कामाची नेमकी सोय झाली आहे. कोणत्याही फील्डपुढे 'ॲज-फील्ड-ग्रुप' लिहिले की लेबल, मदतीचा मजकूर, चुकीचा संदेश आणि इनपुट अशा क्रमाने त्या एका फील्डचा संच मिळतो, आणि तो पानावर कुठे ठेवायचा हे तुम्ही ठरवता. मात्र या संचाभोवती जॅंगो स्वतः डिव्ह (भाग एकत्र बांधणारा एचटीएमएल टॅग) घालत नाही. नावाच्या तीन फील्ड सरळ ग्रिडमध्ये (सीएसएसच्या ओळी-स्तंभांच्या मांडणीत) टाकल्या तर लेबल एका घरात आणि त्याचे इनपुट शेजारच्या घरात जाऊन बसते. म्हणून प्रत्येक संच आपल्या डिव्हमध्ये ठेवावा आणि तिन्ही डिव्ह एका बाहेरच्या डिव्हमध्ये घेऊन त्याला सीएसएस ग्रिड लावावे. स्तंभांसाठी 'रिपीट', 'ऑटो-फिट' आणि किमान 12 रेमचे (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकाराइतके माप) 'मिनमॅक्स' वापरले, तर संगणकावर तिन्ही रकाने एका ओळीत येतात आणि फोनवर आपोआप एकाखाली एक होतात, वेगळी मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारा नियम) लागत नाही. इनपुटची रुंदी 100 टक्के करायला विसरू नये.

आणखी एक बारकावा मराठी फॉर्ममध्ये हटकून आडवा येतो. 'वडिलांचे / पतीचे नाव' हे लेबल दोन ओळींवर जाते आणि 'आडनाव' एका ओळीत मावते, त्यामुळे शेजारशेजारचे इनपुट खालीवर दिसतात. ग्रिडच्या 'अलाइन-आयटम्स'ला 'एंड' दिल्यास सगळे इनपुट तळाशी एका रेषेत येतात. आणि मूळ क्रमात चुकीचा संदेश इनपुटच्या वर असल्यामुळे, एकाच रकान्यात चूक झाली तरी ही रेषा मोडत नाही. याच कारणासाठी संदेश इनपुटच्या खाली हलवण्याचा मोह मी टाळतो.

संचाचे स्वरूपच बदलायचे असेल, उदाहरणार्थ आवश्यक रकान्यापुढे तारांकन हवे असेल, तर ते प्रत्येक पानावर न लिहिता तुमच्या टेम्पलेट फोल्डरमध्ये 'जॅंगो/फॉर्म्स/फील्ड डॉट एचटीएमएल' ही फाइल एकदाच ठेवावी. ती सापडावी म्हणून सेटिंग्जमध्ये 'फॉर्म रेंडरर' (टेम्पलेट शोधून फॉर्म दाखवणारा भाग) म्हणून 'टेम्पलेट्स-सेटिंग' द्यावा लागतो आणि इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत 'जॅंगो डॉट फॉर्म्स' जोडावे लागते; ही दुसरी ओळ राहिली तर जॅंगोची स्वतःची विजेट-टेम्पलेटसुद्धा (प्रत्येक इनपुट दाखवणारे साचे) सापडेनाशी होतात.

बॅचची निवड रेडिओ बटणांनी करत असाल तर तिथे काहीच वेगळे लिहू नका, कारण जॅंगो त्या संचाला स्वतःच फील्डसेट (गटाची चौकट) आणि लेजंड (गटाचे शीर्षक) देतो. पिनकोडसाठी मात्र इंटिजर फील्ड घेऊ नये. ते बाण असलेले अंकांचे इनपुट दाखवते, आणि 411030 ही मोजण्याची संख्या नव्हे. कॅरॅक्टर फील्ड घ्यावे आणि विजेटच्या ॲट्रिब्यूट्समध्ये 'इनपुटमोड' न्यूमरिक करावे, म्हणजे फोनवर अंकांचा कीबोर्ड उघडतो. पडताळणीच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रात) पायथॉनचा 'बॅकस्लॅश डी', म्हणजे 'कोणताही अंक', देवनागरी अंकही स्वीकारतो; ते नको असतील तर शून्य ते नऊ असा पल्ला स्पष्ट लिहावा.

फॉर्मची मांडणी करून देणारे क्रिस्पी फॉर्म्स हे पॅकेज चांगले आहे, आणि पंचवीस-तीस फॉर्म एकाच साच्यात बसवायचे असतील तर मी ते जरूर सुचवेन. पण त्यात ओळी आणि स्तंभ पायथॉनमध्ये लिहिले जातात, आणि तुमच्या एकट्या फॉर्मसाठी मांडणी टेम्पलेटमध्येच असलेली बरी, कारण उद्या रचना बदलणाऱ्या डिझायनरला पायथॉनला हात लावावा लागणार नाही.

फील्ड एकेक करून मांडल्या की दोन गोष्टी आपोआप येत नाहीत, त्या तुम्हीच लिहायच्या: फॉर्मच्या सुरुवातीला 'नॉन-फील्ड-एरर्स' (कोणत्याही एका रकान्याच्या नसलेल्या चुका) आणि लपलेल्या फील्डसाठी 'हिडन-फील्ड्स'वरचा छोटा लूप. सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटवरून फॉर्म खोटेपणाने पाठवला जाऊ नये म्हणून असलेली खूण) तर कोणत्याही पद्धतीत स्वतःच घालावे लागते. फॉर्मवर सभासदाचा फोटो असेल तर फॉर्म टॅगला 'मल्टिपार्ट' एनकोडिंग (फाइल पाठवता येणारी पद्धत) द्या, आणि चूक झाल्यास फोटो पुन्हा निवडावा लागेल अशी सूचना त्या फील्डच्या मदतीच्या मजकुरात लिहा. सुरक्षेसाठी ब्राउझर फाइलचा रकाना पुन्हा भरू देत नाही, त्यामुळे तेवढे एक काम जॅंगोलाही करता येत नाही.