जर्मन लोक दुपारी एकमेकांना ‘मालत्साइट’ का म्हणतात?

‘मालत्साइट’ म्हणजे शब्दशः जेवण; ‘हे जेवण आशीर्वादित असो’ अशा अर्थाच्या ‘गेझेग्नेटे मालत्साइट’ या जुन्या शुभेच्छेचा तो उरलेला तुकडा आहे. जर्मनी-ऑस्ट्रियातील कचेऱ्यांत साधारण ११ ते २ च्या दरम्यान जिन्यात भेटणारा सहकारी, हातात ताट असो वा फाइल, हाच शब्द उच्चारतो आणि आपणही तोच परत द्यायचा असतो. आपण जेवलो आहोत की नाही, याची चौकशी त्यात मुळीच नसते. टेबलाशी मात्र त्याचा अर्थ ‘सावकाश जेवा’ असा होतो. गंमत म्हणजे या शब्दाच्या आधी ‘प्रोस्ट’ (‘चिअर्स’) जोडले की शुभेच्छा संपते आणि ‘झाली का पंचाईत!’ असा वैतागाचा सूर उमटतो. काही शिष्टाचारप्रेमी या अभिवादनाला नाके मुरडतात, ते मला अनाठायी वाटते.