निकाल लागला, चुकारा अजून नाही

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला शेतकरी. 2021 च्या जानेवारीत गावातल्या खेडा खरेदीवाल्याला 5,400 रुपये भावाने 18 क्विंटल कापूस दिला. 97,200 पैकी 20,000 चा चेक मिळाला, बाकी 77,200 त्याने दिलेच नाहीत. 2022 मध्ये तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. तो वकिलासह हजर होता, तरी निकाल माझ्या बाजूने लागला. दाव्याच्या तारखेपासून 6 टक्के व्याज आणि खर्चही मंजूर झाला. त्याला अकरा महिने झाले. विचारायला गेलो तर म्हणतो, ‘कागद फ्रेम करून भिंतीले टांग.’ मध्यस्थामार्फत 40,000 घेऊन सही करायला सांगतो. त्याला जेल होईल का? त्याचं घर, चार एकर वावर आणि बायकोच्या नावावरचा पिकअप जप्त होईल का? की मी 40,000 घेऊन मोकळा होऊ?

उत्तर:

भाऊ, पाच वर्षांपूर्वी वेचलेल्या कापसाचा चुकारा आजही मिळू नये, याचा राग मलाही येतो. तरी आधी एक सांगतो. अकरा महिने तुम्ही कोर्ट काहीतरी करेल म्हणून थांबलात. कोर्ट स्वतःहून वसुली करत नाही. हुकूमनाम्याने, म्हणजे निकालावरून निघालेल्या कोर्टाच्या आदेशाने, त्याने किती द्यायचे ते ठरले. ते वसूल करून द्या, असे तुम्हाला वेगळ्या अर्जाने सांगावे लागते. त्या अर्जाला आपल्याकडे दरखास्त म्हणतात आणि तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 खाली, निकाल दिलेल्या त्याच कोर्टात करायचा असतो.

मुदतीची काळजी करू नका. दरखास्तीला 12 वर्षे मिळतात. पण निकालाला दोन वर्षे होऊन गेली की आधी समोरच्याला नोटीस काढावी लागते, आणि नोटीस मिळाली की माणूस सावध होतो. तुम्ही अजून दोन वर्षांच्या आत आहात, ही तुमची जमेची बाजू आहे. जिल्हा न्यायालयात अपील करण्याचे त्याचे 30 दिवसही उलटले आहेत. त्याने अपील केले असेल तरी नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा आदेश लागतो. तसा आदेश आहे का, एवढे वकिलांकडून पाहून घ्या.

आता खरा मुद्दा. दरखास्तीत काय जप्त करायचे ते तुम्ही सांगायचे असते. माझ्याकडे आलेल्या एका पक्षकाराच्या दरखास्तीत फक्त ‘घरातील जंगम माल’ एवढेच लिहिलेले होते. बेलिफ तीनदा जाऊन आला आणि तिन्ही वेळा अहवाल एकच: घरास कुलूप, माल मिळून आला नाही. यात बेलिफाचा दोष नव्हता. घरात शिरण्याबद्दल कायदा कडक आहे, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी तर शिरताच येत नाही. शिवाय घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचे मंगळसूत्र यांना कोणी हात लावू शकत नाही.

तुमचा माणूस व्यापारी आहे. त्याचा पैसा घरात नसतो, तो फिरता असतो. गावातून कापूस उचलायचा, जिनिंगला (सरकी काढणाऱ्या कारखान्याला) घालायचा, जिनिंगकडून पैसे आले की पुन्हा उचलायचा. म्हणून जिनिंगवाला त्याचे जे पैसे देणे लागतो, तेच जप्त करायला मागा. कोर्ट जिनिंगला मनाई हुकूम देते की ही रक्कम त्याला देऊ नका. पुढे नोटीस काढून ती कोर्टात भरायलाही सांगता येते. हे हंगामातच जमते. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन वेचणी सुरू झाली की त्याची खरेदी सुरू होते, आणि होळीनंतर जिनिंगकडे त्याचे येणे बहुधा उरत नाही. तो कोणत्या जिनिंगला माल घालतो हे गावातल्या गाडीवाल्यांना आणि हमालांना माहीत असते. विचारा, लिहून ठेवा. जिनिंग दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीत असेल तर हुकूमनामा तिकडे पाठवून घ्यावा लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून हे पहिल्याच दिवशी वकिलांना सांगा.

दुसरी जागा म्हणजे त्याचे बँक खाते. त्याने दिलेल्या 20,000 च्या चेकवर बँक, शाखा आणि खाते क्रमांक असतो. त्याची झेरॉक्स तुमच्या दाव्यात निशाणी (पुराव्याचा कागद) म्हणून लागलेली असेल. नसेल तर तुमच्या बँकेत विचारा.

त्याच्याकडे काय काय आहे हे त्याच्याच तोंडून वदवून घेण्याचीही सोय आहे. हुकूमनाम्याची रक्कम 30 दिवसांत दिली नाही, तर त्याने आपल्या मालमत्तेचे शपथपत्र द्यावे असा आदेश कोर्टाकडून मागता येतो (आदेश 21, नियम 41). आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज पुष्कळदा करायचाच राहून जातो. तुम्ही दरखास्तीबरोबरच करा.

जेलचे विचारलेत. पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होऊ शकते, पण नुसते देणे थकले म्हणून नाही. ऐपत असून तो मुद्दाम देत नाही किंवा मालमत्ता दडवतो, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. तुमच्यासारख्या रकमेला कैद जास्तीत जास्त तीन महिने, त्याच्या जेवणाचा भत्ता आधी तुम्हीच भरायचा, आणि कैद भोगली तरी कर्ज तसेच राहते. नोटिशीचा धाक कामाचा आहे, पण वसुली जेलवर अवलंबून ठेवू नका.

घराचे थोडे गुंतागुंतीचे आहे. शेतकऱ्याचे राहते घर, बैलजोडी, अवजारे आणि बियाणे जप्तीतून वगळलेले आहे. ही तरतूद मला मनापासून योग्य वाटते. आपल्या विदर्भात ती नसती तर किती घरे उघड्यावर आली असती! पण हे संरक्षण स्वतः जमीन कसणाऱ्याला आणि मुख्यतः शेतीवर जगणाऱ्याला आहे. चार एकर नावावर ठेवून खेडा खरेदीवर पोट चालवणारा माणूस त्यात बसतो का, हे पुराव्याने ठरेल. वावर मात्र जप्त होऊ शकते. त्याचा सातबारा काढा आणि इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा आहे का, भोगवटादार वर्ग 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) आहे का, ते पाहा. बोजा असेल तर लिलावाच्या पैशावर आधी बँकेचा हक्क असतो. लिलाव लांबला तरी जप्तीचा उपयोग आहे, कारण जप्तीनंतर त्याने जमीन विकली तरी ती विक्री तुमच्या हक्काआड येत नाही. शिवाय त्या हुकुमाची प्रत ग्रामपंचायतीत लागते. गावात पत असलेल्या माणसाला ते फार लागते.

पिकअप बायकोच्या नावावर आहे, तर तो तिचा, असेच कोर्ट धरून चालेल. गाडी आधी त्याच्या नावावर होती आणि दावा लागल्यावर फिरवली असेल, तर गोष्ट वेगळी. आरटीओची नोंद तपासा. नुसत्या संशयावर जप्ती मागितलीत तर ती हरकत घेईल आणि तुमचा हंगाम त्यातच निघून जाईल.

वेळेबद्दल खोटी आशा लावत नाही. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये राहुल शहा यांच्या प्रकरणात सांगितले आहे. तालुक्याच्या कोर्टात नेहमी तसे घडत नाही. तरी तारीख लांबायला लागली की तुमच्या वकिलांनी तो निकाल दाखवायला हवा. वकील नव्याने लावणे झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना तिथे मोफत वकील मिळतो.

राहिले 40,000. तुमचे नुसते व्याजच वर्षाला 4,632 रुपयांनी वाढते आहे, म्हणजे तीन वर्षांचे 13,896 झाले. मुद्दल 77,200, वर दाव्याचा खर्च. निम्म्यावर सोडण्याइतकी तुमची बाजू कमजोर नाही. तरी मुलीची फी किंवा दवाखाना अडला असेल, तर तडजोड करण्यात काही कमीपणा नाही. मग ती दरखास्त दाखल करून लोक अदालतीत करा, तिथला आकडा बहुधा वाढलेला असेल. मध्यस्थाच्या ओसरीवर मात्र काही करू नका. ‘पूर्ण रक्कम मिळाली, तक्रार नाही’ अशा कागदावर तुमची सही मिळाली, तर तो 30 दिवसांत कोर्टात अर्ज देऊन तशी नोंद करून घेऊ शकतो आणि उरलेले पैसे बुडतात. त्याने 40,000 आणून दिलेच तर ते बँकेतून घ्या, पावतीवर ‘हुकूमनाम्यापोटी अंशतः जमा’ असे लिहा, आणि तेवढ्याच रकमेची पुरसिस (लेखी निवेदन) वकिलांमार्फत कोर्टात द्या. हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेचा अर्ज मात्र येत्या सोमवारीच टाका.