आधी एकदा बघून ये

बाळ, आशीर्वाद.

स्काऊट पथकात नाव घालू का, असं विचारलंस. घाल. पण फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या एखाद्या बैठकीला नुसती जाऊन बस. नवख्याला एक-दोनदा बघायला येऊ द्यायला कुठल्याही बऱ्या पथकाची हरकत नसते. असलीच, तर काय ते समजून घे.

गेल्यावर गणवेश, झेंडा, भिंतीवरचे फोटो यात गुंतू नकोस. काम कोण करतंय तेवढं बघ. पथकात सहा-आठ जणांचे संघ असतात आणि संघनायक तुमच्यातलाच, वयानं थोडा मोठा असतो. ही पद्धत अगदी पहिल्यापासूनची. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं श्रीमंतांच्या शाळांतली होती, काही कामगारांच्या घरची. त्यांनी सगळ्यांना मिसळून चार संघ केले: लांडगे, बैल, कर्ल्यू (हा एक लांब चोचीचा पक्षी) आणि डोमकावळे. प्रत्येक संघाची जबाबदारी त्याच्या नायकावर टाकली. तंबू आणि शेकोटी काय, कुणीही करेल. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशी मुलं एका तंबूत झोपवणं आणि वर कारभार मुलांच्याच हाती देणं, हे मला जास्त धाडसाचं वाटतं.

म्हणून सांगते, तंबू लावताना स्काऊटमास्टर स्वतःच खुंट्या ठोकत असतील आणि मुलं बाजूला ताटकळत असतील, तर तंबू ताठ उभा राहील, पण तुला काही येणार नाही. याउलट तंबू जरा वाकडा आहे, दोर सैल पडलेत, आधी कुठली खुंटी यावरून दोघींची जुंपली आहे आणि मोठं माणूस हाताची घडी घालून लांबून बघतंय, असं दिसलं तर बेलाशक नाव घाल.

मुलींना घेतील का, ही तुझी शंका जुनीच आहे. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तिथं काही मुली न बोलावता, आपल्या आपण गणवेश करून हजर झाल्या. पुढच्याच वर्षी गर्ल गाईड्सची चळवळ उभी राहिली. आज कुठं मुला-मुलींचं पथक एकत्र असतं, कुठं वेगळं. तुझ्याकडे कसं आहे ते विचारून घे, म्हणजे झालं.

पहिले काही महिने कंटाळा येईल हे आत्ताच सांगून ठेवते. तीच सलामी, तेच नियम, त्याच गाठी. बहुतेक मुलं इथंच गळतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण गंमत नेमकी पुढं असते. रीफ नॉट घे. डावं टोक उजव्यावरून घालून वळव, मग उजवं डाव्यावरून. दोन्ही वेळा डावंच वर घेतलंस तरी गाठ दिसते जवळपास तशीच, पण ताण आला की सरकते. बरोबर बसलेली गाठ चपटी राहते, टोचत नाही, म्हणून पट्टी बांधायला ती उत्तम. माणसाला दोरानं वर ओढायचं असेल तर मात्र तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. तिथं बोलाईन नावाची गाठ लागते, तिचा फास आवळत नाही. कुठली गाठ कुठं चालत नाही हे ज्याला सांगता येतं, त्याला गाठी आल्या असं मी धरते. गळ्यातला तो त्रिकोणी स्कार्फही शोभेचा नाही. हात मोडला तर त्याचीच झोळी करतात.

बॅजच्या मागं फार धावू नकोस. बाहीवर जागा उरली नाही आणि चूल पेटवता येत नाही, अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

पथकात येताना स्काऊटचं वचन घ्यावं लागतं, ते घ्यायच्या आधी त्यातला शब्द न् शब्द वाच. श्रद्धेबद्दलचं काही खटकलं तर मोकळेपणानं विचार. काही देशांत त्या ओळीला पर्याय दिलेला असतो.

आता एका बाबतीत मात्र माझं ऐकच. मोठं माणूस कितीही चांगलं असो, एकट्या मुलाबरोबर एकटं राहत नाही, हा नीट चालणाऱ्या पथकाचा पाळलेला नियम असतो. हा नियम तुमच्याकडे आहे का, ते आई-बाबांना पथकप्रमुखांना थेट विचारू दे. त्यात उद्धटपणा काही नाही. उत्तर देताना कुणी चिडलं, किंवा ‘घरी सांगू नकोस’ असं तुला कधी म्हणालं, तर त्याच दिवशी घरी सांगायचं.

पहिल्या शिबिराची पिशवी स्वतः भर. रात्री तंबूत टॉर्च कुठं ठेवलाय हे ज्यानं भरलं त्यालाच माहीत असतं. कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत, झोपायचे कपडे सगळ्यात वर नकोत, पावसाचा कोट वर हवा. आई मदतीला येईल. तिच्या हातात यादी दे आणि फक्त वाचून दाखव म्हण.

तुझी,
मावशी