मेकॅनिकल डिप्लोमा नुकताच झाला आहे, अनुभव काहीच नाही. पहिल्या नोकरीसाठी रेझ्युमे कसा लिहावा?

अनुभवाचा रकाना रिकामा दिसेल, ही आपली भीती मला समजते. परंतु तंत्रनिकेतनातील तीन वर्षांत आपण स्वतःच्या हातांनी जे केले, तोच आपला अनुभव आहे आणि तो नेमक्या शब्दांत मांडला पाहिजे. 'सीएनसी मशीनचे ज्ञान' असे मोघम लिहिण्याऐवजी 'औद्योगिक प्रशिक्षणात सीएनसी लेथवर टूल ऑफसेट लावले, तयार शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मोजून तपासणी तक्त्यात नोंदवला' असे लिहावे, कारण चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात मुलाखत घेणारे अधिकारी बहुधा अशाच ओळीवर बोट ठेवून पुढचा प्रश्न विचारतात. म्हणूनच जे केलेले नाही, ते कृपया एका शब्दानेही लिहू नये.

प्रत्येक अर्जापूर्वी जाहिरात सावकाश वाचावी. पद गुणवत्ता तपासणीचे असेल तर मोजमापाचे काम वर घ्यावे, डिझाइनचे असेल तर ऑटोकॅडमधील प्रकल्प. वडिलांचे नाव, जात, वैवाहिक स्थिती या ओळी आपल्याकडे अनेकदा सवयीने लिहिल्या जातात. त्या वगळल्या की कामाच्या तपशिलाला जागा मिळते आणि एक पान पुरते.

नोकरीच्या पोर्टलवर अनेकदा अर्ज आधी संगणकप्रणाली वाचते, त्यामुळे चौकटी, दोन स्तंभ आणि चित्रे टाळून साध्या मांडणीची पीडीएफ पाठवावी. फाइलच्या नावात आपले नाव व पद असावे. पाठवण्यापूर्वी मोबाइल क्रमांकाचे दहाही अंक दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावेत.