धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे गाव प्राचीन काळी खरंच मोठं शहर होतं का? ते तिथेच का वसलं आणि आज तिथे काय उरलंय?

होय, होतं. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात, सातवाहनांच्या काळात, तेर ही दख्खनमधली मोठी बाजारपेठ होती आणि तिचं नाव होतं तगर. मी याच जिल्ह्यातला. लोक येतात, गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतात आणि लगेच तुळजापूरची वाट धरतात, याची मला फार हळहळ वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जागा समजून घ्या. तेर धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी आहे. ढोकी जवळच, म्हणून जुनी माणसं ‘तेरढोकी’ असंच म्हणतात. तेरणा पुढे मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. बालाघाटचा माथा उतरला की इथून पूर्वेला जमीन हळूहळू उतरत तेलंगणाकडे जाते, मध्ये बैलगाडी अडेल असा मोठा घाट नाही. वायव्येला गेलं की पैठण. म्हणजे पूर्व किनाऱ्याकडून येणारा माल जिथे थांबावा आणि पुढे पैठणमार्गे गुजरातेतल्या भडोच बंदराकडे निघावा, अशी ही मोक्याची जागा. त्यात भोवती कापसाला मानवणारी काळी जमीन. व्यापारी गाव वसायला आणखी काय लागतं?

हे नुसतं माझं तर्कट नाही. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात तगरचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं नगर, असं त्यात लिहिलंय. तगरहून जाडंभरडं सुती कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनाऱ्याकडून आलेला इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. टॉलेमी या प्राचीन ग्रीक विद्वानाच्या भूगोलातही तगर आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या ६१२ सालच्या ताम्रपटात तगरचा रहिवासी असलेल्या ब्राह्मणाला दान दिल्याची नोंद आहे. कोकणचे शिलाहार राजे तर समुद्रकाठी राज्य करत असतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. आपलं मूळ इथलं, हे मिरवावंसं वाटावं एवढी या गावाची पत होती.

गंमत अशी की हे तगर नेमकं कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांचा बराच घोळ चालला होता. कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ साली जुन्या लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडलं, त्यानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी इथल्या वास्तूंची पाहणी केली आणि पुढच्या उत्खननांनी ते पक्कं झालं.

आता आज काय दिसतं? नळदुर्ग किंवा परांड्याला जाऊन आलेल्या माणसाला तेरमध्ये पहिल्यांदा काहीच दिसत नाही. तिथे दगडी तट आहेत, बुरूज आहेत. तेरचं सगळं वैभव मातीचं, विटांचं. गावाभोवतीची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची टेकाडं हेच ते जुनं शहर. उत्खननात तिथे विटांचा स्तूप निघाला, त्याचा पाया आऱ्या असलेल्या चाकासारखा रचलेला. मातीच्या मूर्ती, दिवे, शंखाच्या बांगड्या, मणी, सातवाहनांची नाणी असं किती तरी निघालं. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत उठवलेल्या चकत्याही सापडल्या. गळ्यात घालायला त्यांना वर कडी ठेवलेली असते. परदेशी सोन्याच्या नाण्याची हौस मातीत भागवणारी ती माणसं मला फार जवळची वाटतात.

हस्तिदंती बाहुली तर आवर्जून बघण्यासारखी. इटलीतल्या पाँपेई शहरात, जे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथे १९३८ मध्ये अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तशीच सापडली. त्यामुळे पाँपेईची मूर्ती आपल्या मराठवाड्याकडूनच गेली असावी, असं मानायला चांगला आधार आहे.

गावात त्रिविक्रमाचं मंदिर आहे, ते चुकवू नका. मागची बाजू अर्धगोल आणि वर गजपृष्ठाकार छप्पर, म्हणजे कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहाचं, बौद्धांच्या प्रार्थनागृहाचं रूप, पण डोंगरात न कोरता विटांनी बांधलेलं. मुळात हा बौद्ध चैत्य होता असं कझिन्स यांचं मत. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. अशी उभी राहिलेली विटांची वास्तू देशात फार थोड्या ठिकाणी आहे. उत्तरेश्वराचं मंदिरही विटांचंच आणि त्याची कोरीव लाकडी चौकट पाहण्यासारखी आहे.

या जुन्या विटांची एक खासियत सांगायलाच हवी. चिखलात भाताचं तूस मिसळून त्या भाजल्या आहेत. भट्टीत तूस जळून जातं आणि विटेत बारीक पोकळ्या राहतात. वीट हाताला इतकी हलकी लागते की पाण्यात टाकली तर तरंगते. कुंभारकामाचं एवढं जाणतेपण ज्या गावात मुरलं होतं, त्याच गावात तेराव्या शतकात चिखल तुडवता तुडवता विठ्ठलनामात हरवून जाणारे गोरा कुंभार, म्हणजेच गोरोबाकाका झाले. थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना ‘कच्चं मडकं’ ठरवल्याची गोष्ट इथलीच. त्यांची समाधी तेरणेच्या काठी आहे, चैत्रात मोठी यात्रा भरते.

पुढचं थोडक्यात सांगतो. मध्ययुगात सत्तेची ठाणी दुसरीकडे गेली, व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि तेर हळूहळू शेतीवर जगणारं गाव झालं. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आज सोयाबीन, ज्वारी, हरभरा आणि पाणी असेल तिथे ऊस.

एका माणसाचं नाव मात्र घ्यायलाच हवं, रामलिंगप्पा लामतुरे. शेतात, टेकाडावर, पावसानं धुपलेल्या कडेला सापडलेली नाणी, मणी, खापरं या गावच्या व्यापाऱ्यानं आयुष्यभर जमवली आणि जपली. त्यातूनच त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. तेरला गेलात तर आधी तिथे जा, मग त्रिविक्रम, मग टेकाडं, म्हणजे पायाखाली काय आहे ते कळतं. आणि टेकाडावर एखादा मणी किंवा खापराचा तुकडा दिसला तर खिशात घालू नका, जागा ध्यानात ठेवून संग्रहालयात कळवा. वस्तू जागेवरून हलली की ती कुठल्या थरातली, कुठल्या काळातली, हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही.